गोंदणाचे यंत्र

जत्रेत गोंदवणाऱ्याच्या पालापुढे गर्दी असते. कुणी हातावर नाव काढून घेतो, कुणी तुळस, कुणी विंचू. पूर्वी हे काम बाया हातातल्या सुयांनी करीत. आता यंत्र घर्र घर्र वाजते. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ साली अशा विजेच्या यंत्राचे पेटंट घेतले.

हे यंत्र चालते कसे? विजेची घंटा तुम्ही पाहिली असेल. तसेच हे. तारेच्या दोन गुंडाळ्यांतून वीज गेली की त्यांचा लोहचुंबक होतो. तो वरची लोखंडी पट्टी खाली ओढतो. पट्टीबरोबर सुईही खाली जाते. पण पट्टी खाली येताच वरच्या स्क्रूचा स्पर्श सुटतो आणि वीज तुटते. मग स्प्रिंग पट्टीला वर उचलते. पुन्हा स्पर्श, पुन्हा वीज. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुई कितीदा तरी वरखाली होते!

कारखान्यात शेकड्यांनी बनणारी यंत्रे स्वस्त मिळतात. चकाकी पाहून भुलू नका. पट्टी तिरकी नाही ना? सुई नळीच्या मधोमध चालते ना? पाच मिनिटे चालवून पाहा. आवाज एकसारखा हवा. गुंडाळ्या फार तापल्या तर ते यंत्र घेऊ नका.

घेतलेले यंत्रही आधी जुळवावे लागते. सारे स्क्रू घट्ट करा. पट्टी बोटाने खाली दाबून धरा. आता वरच्या स्क्रूचे टोक आणि स्प्रिंग यांत फट दिसेल. रेघेसाठी ती सुमारे दीड मिलिमीटर ठेवा, रंग भरायला दोन. फट लहान असली की सुई झपझप पण थोडी चालते. मोठी असली की सावकाश पण लांब चालते. घरातली वीज २३० व्होल्टची. यंत्राला बहुधा ६ ते ९ पुरतात. म्हणून मध्ये वीज कमी करणारी पेटी हवीच. पहिला हात केळीच्या सालीवर बसवा, माणसावर नव्हे.

सुई कातडीत एक ते दोन मिलिमीटरच जावी. उथळ गेली तर रंग खपलीबरोबर निघून जातो. खोल गेली तर रक्त येते आणि रंग फुटतो.

आता सर्वांत मोठी गोष्ट. यंत्र कितीही छान जुळवले, पण सुई एकाची दुसऱ्याला वापरली, तर सारे फुकट. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातून काविळीचे आणि एड्सचे विषाणू जाऊ शकतात. सुई पाण्यात बुचकळून किंवा ज्योतीवर धरून भागत नाही. दर माणसाला नवी सुई आणि रंगाची नवी वाटी हवी. नळी पुन्हा वापरायची तर ती धुऊन, दाबाच्या वाफेत १२१ अंशांवर निर्जंतुक करावी.

गोंदवून घेणाऱ्यानेही लाजू नये. सरळ म्हणावे, "दादा, सुईची पुडी माझ्यासमोर फोडा." चांगला कारागीर रागावणार नाही. जो रागावेल, त्याच्या पालातून उठून यावे. गोंदण जन्मभर राहते. रोग मात्र सोबत येऊ नये.