दहा मुलांमागे एक, पण कुठल्या शाळेत?

केंद्राने १९७४ साली अपंग मुलांसाठी एकात्मिक शिक्षणाची योजना आणली. १९९२ मध्ये ती सुधारली तेव्हा आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले. गोव्यात गावागावांतली अशी मुले मात्र बहुधा घरीच राहिली. काहींना पर्वरीचे संजय सेंटर, डिचोलीची केशव सेवा साधनेची नारायण झांट्ये विशेष शाळा यांनी आधार दिला. त्या संस्थांचे ऋण गोव्याने विसरू नये.

पुढे सर्व शिक्षा अभियान आले, २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. मुले पटावर आली. देशभर त्यांचे विशेष शिक्षक मात्र बहुतांशी कंत्राटावरच राहिले. शेवटी २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे बजावले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने तशी अधिसूचना काढली. तरीही राज्यांनी पदे जाहीर करावीत म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा तंबी द्यावी लागली.

दहा मुलांमागे एक या आकड्याची खरी कसोटी पेडणे-डिचोलीत लागते. इब्रामपूर, हसापूर, साळ, लाटंबार्से अशा गावांतल्या प्राथमिक शाळांचा पटच लहान. एका शाळेत असे मूल एखाद-दुसरेच. दहा मुले जमवायची तर कितीतरी शाळा एकत्र धराव्या लागतात, आणि मग शिक्षक फिरता होतो. कायम नेमणुका होईपर्यंत न्यायालयानेही तशी मुभा दिली आहे. पण ज्या मुलाला पेन्सिल धरता येत नाही, त्याला आधी चिमटीत चिंचोका उचलून डब्यात टाकायला शिकवावे लागते. तेही रोज, न चुकता. बाई आठवड्याने आल्या की पुन्हा पहिल्या चिंचोक्यापासून सुरुवात. पहिली ते चौथी एकटीने सांभाळणाऱ्या शिक्षिकेला मधल्या दिवसांत हे कसे जमावे?

म्हणून पदे ठरवताना तालुक्याचा एकूण पट पुरेसा नाही. शाळा किती आणि त्यांच्यातले अंतर किती, हेही धरायला हवे. पालक-शिक्षक संघांनी भागशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारावे: आमच्या शाळेत विशेष शिक्षक आठवड्यातून किती तास असतो? उत्तरही लेखीच मागावे.