लहरींची हद्द (९) : दिघीला उतरणारा फोन

स्पेक्ट्रमचा लिलाव की सरकारी वाटप, हा गेल्या आठवड्यात अर्ध्यावर सोडलेला वाद आज संपवायचा होता. पण नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं. हिमालयात भटकणाऱ्या या गृहस्थांसाठी मुलगी अमेरिकेहून सॅटेलाइट फोन आणणार आहे. ते विचारतात, "हा फोन थेट उपग्रहाशी बोलणार. इथला एकही टॉवर वापरणार नाही. मग परवानगी कसली?"

प्रश्न बिनतोड आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी पुण्याजवळच्या दिघीला जावं लागतं. लिलाव थांबेल.

इरिडियम या सॅटेलाइट फोन कंपनीची सेवा नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली. ६६ उपग्रह, उंची सुमारे ७८० किलोमीटर, पृथ्वीची फेरी शंभर मिनिटांत. डोक्यावर आलेला उपग्रह नऊ-दहा मिनिटांत क्षितिजाआड जातो आणि चालू कॉल मागच्याच्या हवाली करतो. तोवरचे बहुतेक दळणवळण उपग्रह आरशासारखे. खालून आलेली लहर परत खाली. त्यामुळे जमिनीवरचं केंद्र त्यांच्या नजरेच्या टप्प्यात हवंच. इरिडियमचे उपग्रह मात्र आपसात बोलतात. लेहमधला कॉल वरच्या वर हातोहात जाऊन पार दुसऱ्या खंडात उतरू शकतो.

तरीही दिघीला गेटवे, म्हणजे असं जमिनीवरचं केंद्र, उभा राहिला. गुंतवणूकदारांना आपापल्या भागातला धंदा हवा होता, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं. गेटवेत कॉल नेहमीच्या टेलिफोनच्या जाळ्यात शिरतो, त्याची नोंद होते आणि कायद्याने गरज पडली तर तो ऐकताही येतो. अशा सेवेचा गेटवे भारतातच हवा, ही आपल्या परवान्याची अट. थोडक्यात, दिघीची गरज उपग्रहांपेक्षा दिल्लीला होती.

ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. नव्या मालकांनी अवघ्या अडीच कोटी डॉलरमध्ये सगळा पसारा घेतला. अमेरिकी संरक्षण खातं मोठं गिऱ्हाईक झालं. नागरी कॉल ॲरिझोनातल्या टेम्पीला उतरू लागले, लष्करी हवाईला. दिघीचा गेटवे बंद पडला, पण वरच्या उपग्रहांचं काहीच अडलं नाही.

म्हणून वाचकांचा फोन खिंडीत लागेलही, पण तो कॉल इथल्या कुठल्याही दारातून जाणार नाही. १९६७ च्या करारानुसार अंतराळावर कुणालाच मालकी सांगता येत नाही. मात्र आपल्या भूमीवरचं दूरसंचार नियंत्रित करण्याचा प्रत्येक देशाचा हक्क आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या घटनेनेच मान्य केला आहे. सरकारच्या हातात राहतात दोनच गोष्टी : गेटवे आणि तुमच्या हातातला हँडसेट. आपला १९३३ चा बिनतारी कायदा तर परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं जवळ बाळगण्यालाच गुन्हा म्हणत होता. २६/११ च्या हल्लेखोरांनी थुराया हा सॅटेलाइट फोन वापरल्यावर पहारा आणखी कडक झाला. गोव्याच्या विमानतळावर पर्यटक अडकतात ते यामुळेच. त्यांच्याकडचं गार्मिनचं इनरीच तळहातात मावतं आणि मुख्यतः मजकूर पाठवतं, पण इरिडियमच्याच उपग्रहांवरून.

इरिडियम कंपनीला तुमचा ठावठिकाणा कळत नाही, असंही समजू नका. उपग्रह वेगाने सरकत असतो, त्यामुळे हँडसेटच्या लहरीची कंप्रता किंचित बदलते. तो बदल आणि लहर पोचायला लागलेला वेळ यांवरून फोन साधारण कुठे आहे, हे यंत्रणा काढते. एखाद्या देशापुरती सेवा बंद ठेवणं तिला तांत्रिकदृष्ट्या जमतं.

तेव्हा नाशिककरांना उत्तर : मुलीला फोन आणू देऊ नका. गरज खरीच असेल तर बीएसएनएलकडे इनमारसॅट या दुसऱ्या उपग्रह सेवेच्या फोनसाठी रीतसर अर्ज करा. त्याचा गेटवे गाझियाबादला आहे.

आता एखाद्या कंपनीने देशाची परवानगी झुगारून सेवा चालूच ठेवली तर? स्टारलिंकबद्दल इराणने नेमकी हीच तक्रार नेली आणि २०२३ मध्ये दूरसंचार संघाच्या नियम मंडळाने इराणची बाजू उचलून धरली. पुढच्या आठवड्यात तेच. लिलावाची वाट पाहणाऱ्यांनी अजून थोडा धीर धरावा.