दिल्ली–टोकियो : जाताना आठ तास, येताना साडेनऊ

पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजले, तर दिल्ली ते टोकियो हे अंतर सुमारे ५,८४० कि.मी. भरते. विमानाला जाताना आठ तासांच्या आसपास लागतात, परत येताना मात्र साडेनऊ किंवा अधिकच. (वेळापत्रकावरून हे काढताना जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते हे विसरू नये, नाहीतर उत्तर भलतेच येईल.)

असे का, हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. ‘पृथ्वी फिरते म्हणून’ हे उत्तर हमखास येते. ते लगेच खोडून काढू नये. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान तिच्यापासून सुटून अधांतरी राहत असते, तर टोकियो त्याच्यापुढे पळत राहिले असते आणि परतताना दिल्ली त्याच्याकडे धावत आली असती. म्हणजे परतीचा प्रवास झटपट व्हायला हवा. घडते नेमके उलट! कारण विमान ज्या हवेत उडते ती हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते.

किंबहुना या भागात, दहा-बारा कि.मी. उंचीवर, हवा जमिनीच्याही पुढे धावते. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० कि.मी. वेगाने पूर्वेकडे जाते, ३५ अंश अक्षांशावरची १,३७० कि.मी. वेगाने. उष्ण कटिबंधात वर चढलेली हवा ध्रुवाकडे सरकताना आपला वेग बराचसा टिकवून ठेवते. हाच जेट प्रवाह. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी २०० कि.मी.च्याही वर जातो. तेव्हा विद्यार्थ्याचे उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते!

वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगाला कळावे म्हणून १९२६ साली अहवाल एस्परांतो भाषेत छापला. तो फारसा कुणी वाचला नाही. नोव्हेंबर १९४४मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांची नेमबाजी याच वाऱ्यांनी पार बिघडवली.

जाताना मिळाले ते येताना गेले, हिशेब चुकता, असे वाटेल. समजा अंतर ६,००० कि.मी., विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० आणि वारा १०० कि.मी. जाताना ६,००० ÷ १,००० म्हणजे ६ तास. येताना ६,००० ÷ ८०० म्हणजे साडेसात. एकूण साडेतेरा. वारा नसता तर १३ तास २० मिनिटे. दहा मिनिटांचा तोटाच, कारण उलटा वारा अधिक वेळ सोसावा लागतो.

अंतर ५,८४० न घेता ६,००० घेतले त्यालाही कारण आहे. आपला दोरा तिबेटच्या पठारावरून जातो. विमानातील हवेचा दाब अचानक गेला, तर श्वास घेता यावा म्हणून वैमानिकाला तातडीने तीन कि.मी. उंचीपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार कि.मी. उंच आहे! म्हणून विमाने सहसा पठाराला दक्षिणेकडून वळसा घालतात.