पगाराच्या वादावरून ‘कुंकू’ची नायिका थेट प्रभातच्या दारात उपोषणाला बसली होती

साल १९३९. पुण्यातल्या प्रभात स्टुडिओच्या दारात शांता आपटे उपोषणाला बसल्या. कारण होतं पगाराचं.

तेव्हा नटनट्या कंपनीच्या पगारी नोकर असायच्या. करार झाला की बाहेर काम करायची सोय नाही. सिनेमा कितीही चालो, हातात ठरलेला पगारच.

शांताबाईंचा सिनेमा तर चालायचाच. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्या राधा झाल्या. १९३४ च्या ‘अमृतमंथन’नं नाव झालं. गाणी त्या स्वतःच्याच आवाजात गायच्या. १९३७ साली आला व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’. म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली, पण त्याला नवरा मानायला साफ नकार देणारी नीरा त्यांनी उभी केली.

पडद्यावरची ही नीरा १९३९ साली खरोखरच हक्कासाठी अडून बसली.

त्यानंतर त्यांनी प्रभात सोडली. १९४० साली ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून सिनेधंद्यातल्या पिळवणुकीवर बोट ठेवलं. पुढच्याच वर्षी तमिळ शिकून ‘सावित्री’त काम केलं. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी.

१९६४ मध्ये शांताबाई गेल्या. प्रभातच्या त्याच जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. करारावर सही करण्याआधी तिथल्या पोरांनी हा किस्सा नक्की ऐकावा.