फालसा : छाटणीवर फळणारे झाड

उन्हाळा तापू लागला की दिल्ली-लखनौच्या बाजारांत जांभळ्या, आंबटगोड फालशाच्या टोपल्या दिसू लागतात. हे भारतीय झुडूपवजा झाड हलक्या जमिनीतही तग धरते. म्हणून त्याला निगा लागत नाही, असा समज रूढ झाला आहे. तो बागायतदाराला महागात पडतो. फालशाची पिवळी फुले नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत येतात. झाड न छाटता वाढू दिले, तर जुने लाकूड माजते, नवी फूट विरळ होते आणि उंचावर लागलेली थोडीफार फळे पक्ष्यांच्या वाट्याला जातात.

उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत पाने गळून झाड विसावते. तीच छाटणीची वेळ. जमिनीपासून साधारण 1 मीटर उंचीवर सर्व फांद्या कापाव्यात. वाळलेल्या व रोगट फांद्या बुडापासून काढाव्यात. नवख्या शेतकऱ्याचा हात येथे कचरतो. विस्तार कार्यकर्त्याने पहिली छाटणी शेतावर स्वतः करून दाखवावी, हे उत्तम. छाटणीनंतर प्रत्येक झाडास 10 ते 15 किलो कुजलेले शेणखत व पाणी द्यावे. रोपे बियांपासून तयार होतात. लागवडीस 3 × 3 मीटर अंतर पुरते.

फळे एकदम पिकत नाहीत. एप्रिलअखेरीपासून दिवसाआड हाताने तोडणी करावी लागते आणि तोडलेले फळ एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे लागवडीपूर्वी जमिनीचा कस पाहावा, त्याहून आधी बाजाराचे अंतर पाहावे. शहर दूर असल्यास सरबतासाठी फळे घेणारा ग्राहक अगोदरच ठरवून ठेवावा.