शाळेच्या दप्तरातील नोंदी आणि त्रयस्थाची मागणी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे आज महानगराची म्हणून ओळखली जात असली, तरी मुळात ती गावेच होत. १९५० साली अंधेरी-घाटकोपरपर्यंतचा व १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत सामील झाला. मुंबई उपनगर जिल्ह्यास जिल्हा परिषद नाही. तेथील सार्वजनिक प्राथमिक शाळा महानगरपालिका चालविते. तथापि गोराईच्या कोळीवाड्यातील किंवा आरे परिसरातील वारली पाड्यावरील कुटुंबास जातीचा दाखला काढावयाचा झाला, की आजोबांच्या शाळेतील नोंदीचा शोध आजही सुरू होतो. अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आपल्या खेड्यांतून पोटासाठी उपनगरांत गेलेल्या कुटुंबांची नोंद तर आपल्याच शाळेच्या कपाटात असते.

यामुळेच ती नोंद कोणास दाखवावी व कोणास दाखवू नये, हा प्रश्न शिक्षकापुढे वारंवार येतो. खाजगीपणा हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यांतील मुख्य बंधने अमलात येण्यास नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. वही कागदाची आहे, तेव्हा हा कायदा आपणांस लागू नाही, असे कोणी समजू नये. कागदावरील माहिती संगणकात भरली की ती कायद्याच्या कक्षेत येते. आणि आपण तर प्रत्येक मुलाची माहिती संगणकावर भरतोच. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याच्या दृष्टीने बालक असून त्याच्या माहितीच्या वापरास सामान्यतः पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पालक किंवा माजी विद्यार्थी स्वतःची नोंद मागतो तेव्हा तो त्रयस्थ नव्हे. त्याला ‘गोपनीय आहे’ म्हणून परत पाठविणे हा कायद्याचा विपर्यास होय. मुलाचे नाव घाटकोपरच्या शाळेत घालावयाचे असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला तात्काळ द्यावा, असे शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो. दाखल्यास विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. दाखल्याअभावी नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, हेही पालकास सांगावे. बिचारा मजूर उपनगरातून एका दिवसाची मजुरी बुडवून निर्गम उताऱ्यासाठी आलेला असतो.

जात पडताळणी समितीचे दक्षता पथक चौकशीस आले, तर त्याची मागणी कायदेशीर आहे. लेखी पत्र घ्यावे, मूळ वही आपल्या देखरेखीखाली दाखवावी आणि भेटीची नोंद ठेवावी.

खरी अडचण येते ती गावच्या निवडणुकीत. राखीव जागेवरील उमेदवाराच्या चुलत्याची शालेय नोंद प्रतिस्पर्धी मागतो. तोंडी नकार मिळाल्यावर माहिती अधिकारात अर्ज करतो. येथे शिक्षकाने ना भिडेस पडावे, ना अर्ज फेकून द्यावा. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याकडे जावयास हवा. माहिती देण्याचा त्याचा विचार असेल, तर २००५ च्या कायद्यातील कलम ११ प्रमाणे ज्याची माहिती आहे त्या त्रयस्थ पक्षास पाच दिवसांत नोटीस द्यावी लागते व म्हणणे मांडण्यास त्यास दहा दिवस मिळतात. वैयक्तिक माहिती नाकारण्याविषयीचे कलम ८(१)(ञ) नोव्हेंबर २०२५ पासून अधिक कडक झाले आहे. पूर्वी त्यात असलेला व्यापक सार्वजनिक हिताचा अपवाद आता त्या कलमात नाही. मात्र सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये कायम आहे. हा तोल जन माहिती अधिकाऱ्याने सांभाळावयाचा. वर्गशिक्षकाने परस्पर झेरॉक्स काढून देणे कोणत्याही कायद्यात बसत नाही.

शिकवणी वर्गाचा, विम्याचा किंवा गणवेशाचा प्रतिनिधी पालकांचे दूरध्वनी क्रमांक मागू लागला, तर यादी देऊ नये. त्याचे पत्रक घ्यावे आणि ज्या पालकास गरज असेल तो स्वतः संपर्क साधील. शाळेला चार वह्या भेट मिळाल्या म्हणून शंभर घरांचे क्रमांक देणे हा सौदा महाग आहे.

याहून गंभीर प्रसंग निराळा असतो. घरच्या छळास कंटाळून एखादी माता मुलांसह मुलुंडला निघून जाते, आणि काही दिवसांनी ‘मी मुलांचा काका’ असे सांगणारा गृहस्थ शाळेत येऊन मुले कोणत्या शाळेत गेली, एवढेच विचारतो. ते एवढेच नसते. त्याचे नाव, पत्ता व कारण लेखी घ्यावे, मातेस कळवावे आणि शंका वाटल्यास केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना सांगावे. मुलांचा ठावठिकाणा मात्र सांगू नये.

आपण होऊन उघड केलेल्या माहितीविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. शिष्यवृत्तीच्या यादीत नावापुढे जात, आधार क्रमांक व बँक खाते लिहून ती फलकावर लावलेली किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेली आढळते. आधार क्रमांक असा जाहीर करण्यास २०१६ च्या आधार कायद्याने मनाई आहे. यादी लावणे आवश्यकच असेल, तर नाव व इयत्ता पुरे. अत्याचारास बळी पडलेल्या किंवा चौकशीत सापडलेल्या बालकाचे नाव, पत्ता, इतकेच नव्हे तर शाळेचे नावही बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार प्रसिद्ध करता येत नाही. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत. गावच्या बातमीदाराने आपुलकीने विचारले तरी उत्तर तेच राहील.

प्रत्येक शाळेने जावक वहीप्रमाणे एक लहान वही ठेवावी. कोणी, कोणत्या अधिकाराने, कोणती नोंद मागितली व काय दिले, एवढे चार रकाने त्यात पुरतील. येत्या शाळा तपासणीच्या वेळी ती वही पाहिली जाईल.