बोल्ट बसला, पण चिमटा बसला का?

मागच्या चाकाला फ्रेमशी जोडणारा जो दोन बाहूंचा भाग असतो, त्याला पार्टच्या यादीत ‘स्विंगआर्म’ म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र त्याचं नाव चिमटा. इंजिनाची सगळी ओढ चेनमधून मागच्या चाकाला मिळते आणि गाडी पुढे ढकलली जाते ती या चिमट्यातून. खड्ड्याचा मार, मागे बसलेल्या माणसाचा भार, ब्रेक दाबल्यावर बसणारा पीळ, वळणावर टायरला आडवा लागणारा जोर, हे सगळं हा एक तुकडा सोसतो. आणि तरीही गाडी मॉडिफाय करताना सर्वांत कमी विचार होतो तो याच भागाचा. जाड टायर बसत नाही, जुना चिमटा अपघातात वाकला, दुसऱ्या मॉडेलचा ॲल्युमिनियमचा चिमटा दिसायला देखणा आहे, भंगारात स्वस्त मिळाला, कारणं वेगवेगळी. आश्वासन एकच: ‘बोल्ट टू बोल्ट बसतो.’

सगळ्यात मोठा गैरसमज याच वाक्यात आहे. फ्रेममधून आरपार जाणारा मोठा बोल्ट, म्हणजे पिव्होट बोल्ट, नव्या चिमट्यातून सरकला की काम झालं, असं समजलं जातं. आतली रचना पाहिली की हे किती अपुरं आहे ते कळतं. चिमट्याच्या पुढच्या नळीत दोन्ही बाजूंना बुश किंवा बेअरिंग असतात आणि त्यांच्या आत एक पोलादी कॉलर असते. बोल्ट आवळला की फ्रेमचे दोन्ही गाल त्या कॉलरला दाबून धरतात. कॉलर जागची हलत नाही. चिमटा तिच्याभोवती फिरतो. म्हणजे सगळा खेळ कॉलरच्या लांबीचा. ती चिमट्याच्या नळीपेक्षा किंचित आखूड पडली, तर बोल्ट आवळताच गाल थेट चिमट्याला दाबतात आणि सस्पेन्शन जॅम होतं. ती गरजेपेक्षा लांब असली, तर चिमटा डावी-उजवीकडे सरकत राहतो. दुसऱ्या मॉडेलच्या चिमट्यातल्या कॉलरपेक्षा आपल्या फ्रेमच्या गालांमधलं अंतर दोन-तीन मिलिमीटर जास्त असेल, तर नुसता बोल्ट आवळत गेल्याने ते अंतर भरत नाही. फ्रेमवर ताण येतो, आणि पुढेमागे गालापाशी तडा दिसतो.

एका बाजूला वॉशर टाकून ही तूट भरण्याची सवय तर फारच वाईट. तीन मिलिमीटरचा वॉशर फक्त डावीकडे पडला की अख्खं मागचं चाक मध्यरेषेपासून दीड मिलिमीटर उजवीकडे जातं. पुढचं चाक एका रेषेत, मागचं दुसऱ्या. चेनची दोन्ही स्प्रॉकेटही मग एका ओळीत राहत नाहीत. पिव्होटमधली ढिलाईही दिसते त्याहून मोठी असते. दोन बेअरिंगमधलं अंतर २०० मिमी आणि पिव्होटपासून एक्सलपर्यंतचं अंतर ५०० मिमी धरलं, तर पिव्होटपाशी ०.४ मिमीचा खेळ एक्सलपाशी एक मिलिमीटर होतो. महामार्गावर ट्रकला ओलांडताना मागची बाजू डुलल्यासारखी वाटते, त्याची सुरुवात अनेकदा इथे असते.

कंपनी स्वतः चिमटा बदलते तेव्हा त्याच्यासोबत काय काय बदलते, हे पाहण्यासाठी यामाहा आर१५ चं उदाहरण चांगलं आहे. भारतात २००८ साली आलेल्या पहिल्या आर१५ ला पोलादी चिमटा होता आणि मागे १००/८०-१७ मापाचा बारीक टायर. २०११ मध्ये दुसरी आवृत्ती आली ती ॲल्युमिनियमचा चिमटा आणि १३०/७०-आर१७ मापाचा रुंद टायर घेऊन. पहिल्या आवृत्तीच्या मालकांना तो भरदार मागचा भाग हवाहवासा वाटला यात नवल नाही. पण व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या एक्सलमधलं अंतर, १२९० मिमीवरून १३४५ मिमीवर गेलं होतं. मागच्या स्प्रॉकेटचे दात ४२ वरून ४७ झाले, पुढच्याचे १४ वरून १५. म्हणजे गुणोत्तर ३ वरून सुमारे ३.१३ वर गेलं.

दातांचा हा बदल का लागला असावा, ते टायरच्या मापावरून काढता येतं. १००/८०-१७ टायरचा व्यास साधारण ५९२ मिमी भरतो, १३०/७०-१७ चा ६१४ मिमी. चाकाचा घेर पावणेचार टक्क्यांच्या आसपास वाढला. घेर वाढला की त्याच गिअरमध्ये गाडी जड ओढते. ही ओढ परत मिळवायला गुणोत्तर वाढवावं लागतं, आणि ते वाढलं आहे सुमारे साडेचार टक्क्यांनी. जो माणूस फक्त चिमटा आणि टायर बसवून जुनी स्प्रॉकेट तशीच ठेवतो, त्याच्या गाडीचा पिकअप पडतो आणि दोष इंजिनाला लागतो. वर व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने, म्हणजे ११ मिमीने, एक्सल आणि त्यासोबत गाडीची मागची बाजू उचलली जाते, ते वेगळंच.

याच उदाहरणातून दुसरा लाडका समज तपासता येतो: ॲल्युमिनियमचा चिमटा बसवला की गाडी हलकी होते. आर१५ च्या पहिल्या आवृत्तीचं वजन १३१ किलो होतं, दुसरीचं १३६. चिमटा ॲल्युमिनियमचा झाला आणि गाडी पाच किलोने जड झाली, कारण रुंद रिम, रुंद टायर आणि इतर बदल सोबत आले. धातू म्हणून ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचा आहे, हे खरं. पण त्याचा ताठपणाही साधारण एक तृतीयांशच आहे. म्हणून पोलादाच्या मापाची ॲल्युमिनियमची नळी चालत नाही. ती उंचीला, रुंदीला मोठी करावी लागते. ॲल्युमिनियमचे चिमटे एवढे भरदार दिसतात ते यामुळे. मोठ्या मापामुळे ताठपणा भरून निघतो, पण वजनातली बचत त्या प्रमाणात घटते. जे वजन खरोखर वाचतं त्याचा फायदा मात्र चांगला आहे, कारण ते स्प्रिंगच्या खालचं वजन असतं आणि ते कमी झालं की चाक रस्त्याला नीट चिकटून चालतं.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. चिमटा कापून, तुकडा जोडून, वेल्डिंग मारून लांब करून देणारे सापडतात. पोलादात हे काम कसबी हातांनी होऊ शकतं. पण उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेलं ॲल्युमिनियम वेल्डिंगच्या शेजारच्या पट्ट्यात मऊ पडतं. ६०६१-टी६ या नेहमीच्या जातीत तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. पुन्हा भट्टीत घालून प्रक्रिया केल्याशिवाय ती परत येत नाही. शिवाय पोलादाला ठराविक मर्यादेखालचा वारंवार ताण अनिश्चित काळ सोसता येतो. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा त्याच्या आयुष्यातून थोडं वजा करतो. बाहेरून टाका कितीही सुरेख दिसला तरी हे डोळ्यांना कळत नाही.

‘जितका ताठ तितका चांगला’ हेही पूर्ण खरं नाही. गाडी वळणावर पूर्ण झुकलेली असते तेव्हा खड्ड्याचा धक्का सस्पेन्शनच्या दिशेने येत नाही, आडवा येतो. तो थोडा चिमट्याने लवून घ्यावा लागतो. डुकाटीच्या ९१६ या १९९४ च्या गाडीपासून एका बाहूचा चिमटा ही त्या कंपनीची ओळख बनली होती. तरीही २०२५ च्या पानिगाले व्ही४ साठी डुकाटीने दोन बाहूंचा, पोकळ चिमटा घेतला आणि त्याचा आडवा ताठपणा ३७ टक्क्यांनी कमी केल्याचं सांगितलं. रेसिंगमधून शिकलेल्या कंपनीने ताठपणा मुद्दाम कमी केला, तोही फक्त आडव्या दिशेचा. कुठल्या दिशेला किती लवायचं हे त्या-त्या गाडीच्या फ्रेमवर, टायरवर आणि वजनावर ठरतं. जाड नळीचा चिमटा पाहून ‘हा मजबूत’ असं म्हणता येतं. ‘हा माझ्या गाडीला चांगला’ असं म्हणता येत नाही. काही गाड्यांच्या चिमट्याचा एक बाहू केळ्यासारखा वर वळलेला असतो. तो बाक एग्झॉस्टच्या नळीला आत जागा मिळावी म्हणून दिलेला असतो. ज्या गाडीचा सायलेन्सर तिथून जातच नाही, तिला त्या बाकाचा उपयोग दिसण्यापुरताच.

लांब चिमट्याबद्दलचा समज अर्धा खरा आहे. सरळ रस्त्यावर लांब व्हीलबेसची गाडी स्थिर चालते, हे बरोबर. पण ५०० मिमीचा चिमटा ५५० मिमीचा केला आणि शॉकअब्सॉर्बर जुन्याच जागी राहिला, तर चाकाच्या बाजूची तरफ लांब होते. तरफेचं प्रमाण दहा टक्क्यांनी बदललं की स्प्रिंगचा चाकाला जाणवणारा कडकपणा त्याच्या वर्गाच्या हिशेबाने बदलतो. सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतो. तोच शॉक, तीच स्प्रिंग, पण डबलसीट बसल्यावर गाडी खाली बसते. मागची बाजू बसली की पुढचा काटा आडवा पडतो आणि हँडल जड होतं. उलट १३२५ मिमी व्हीलबेसच्या गाडीची मागची बाजू २० मिमीने उचलली, तर पुढच्या काट्याचा कल जवळपास एक अंशाने उभा होतो आणि गाडी चपळ, पण वेगात बिचकणारी होते. चेनचंही गणित आहे: ४२८ चेनच्या दोन कड्यांमधलं अंतर १२.७ मिमी असतं. एक्सल ५० मिमी मागे गेला की वरच्या आणि खालच्या पदरात मिळून १०० मिमी चेन जास्त लागते, म्हणजे जवळपास आठ कड्या.

लिंकेजच्या, म्हणजे शॉक आणि चिमटा यांच्यामध्ये जोडपट्ट्या असलेल्या गाडीत प्रश्न अजून गुंतागुंतीचा होतो. आर१५ चा मागचा शॉक लिंकेजमधून चालतो, यामाहाच्याच एफझेडचा थेट चिमट्याला लागतो, दोन्हीही मोनोशॉकच. एकीचा चिमटा दुसरीत घालायचा तर तरफेचा अख्खा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

ब्रेकचा मुद्दा या सगळ्यांत जिवावर बेतणारा आहे. मागच्या डिस्कचा कॅलिपर ज्या ब्रॅकेटवर बसतो, ते ब्रॅकेट चिमट्यावरच्या एका खाचेत किंवा खुंटीवर अडकलेलं असतं. ड्रम ब्रेकला त्याऐवजी टॉर्क रॉड असतो. ब्रेक दाबला की ब्रॅकेट चाकासोबत फिरू पाहतं आणि ती खुंटी त्याला रोखते. दुसऱ्या चिमट्यावर खुंटी नसेल किंवा जरा पुढे-मागे असेल, तर ब्रॅकेट निसटून चाकासोबत फिरतं, होज तुटतो आणि चाक जॅम होतं. एबीएसच्या गाडीत सेन्सर आणि त्याच्या चकतीमधलं बारीक अंतरही मूळ चिमट्याच्या मापावर ठरलेलं असतं.

मग एकाच कंपनीच्या सख्ख्या गाड्यांमध्ये अदलाबदल चालते का? यामाहाची एमटी-१५ मार्च २०१९ मध्ये भारतात आली तेव्हा तिला पोलादी बॉक्स चिमटा होता, आणि तेच १५५ सीसीचं इंजिन व तशीच डेल्टाबॉक्स फ्रेम असलेल्या आर१५ च्या तिसऱ्या आवृत्तीला ॲल्युमिनियमचा. साहजिकच मालकांची नजर तिकडे गेली. एमटीचा व्हीलबेस १३३५ मिमी, आर१५ चा १३२५. हा दहा मिलिमीटरचा फरक काट्याच्या कलातून येतो की चिमट्यातून, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही; दोन्ही चिमटे शेजारी ठेवून मोजावे लागतात. २०२२ मध्ये कंपनीनेच एमटीला ॲल्युमिनियमचा चिमटा दिला, त्याच वेळी पुढे अपसाइड-डाउन काटे दिले, आणि व्हीलबेस १३२५ मिमी झाला. वजन १३८ वरून १३९ किलो.

‘आतला पार्ट आहे, आरटीओला कुठे कळतंय’ हा समजही सोडायला हवा. आरसीवर व्हीलबेस लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीबाह्य फेरफारासाठी गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विम्याच्या सर्वेअरसमोर गाडी उभी राहते तेव्हा बदललेला चिमटा लपत नाही. वाकलेला चिमटा बदलायचा असेल, तर त्याच मॉडेलचा मूळ पार्ट हाच सरळ मार्ग आहे.

रेसच्या ट्रॅकवरच्या किंवा प्रदर्शनाच्या गाडीत ज्यांना हे काम करायचंच आहे, त्यांनी पैसे देण्याआधी दोन्ही चिमटे जमिनीवर शेजारी ठेवावेत आणि व्हर्नियर घेऊन बसावं. पिव्होटची रुंदी, कॉलरची लांबी, बोल्टचा व्यास, पिव्होट ते एक्सल अंतर, शॉक किंवा लिंकेजची जागा, ब्रेकची खुंटी, स्प्रॉकेटची ओळ. बसवल्यावर शॉक न जोडता पिव्होट बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर आवळावा, चिमटा हाताने वर उचलावा आणि सोडावा. तो अडखळत उतरला किंवा मध्येच थांबला, तर कॉलर आखूड आहे. आडवा हलवला आणि टक् आवाज आला, तर ती लांब आहे किंवा बेअरिंग संपले आहेत. दोन्हीपैकी काहीही झालं, तर ती गाडी त्या दिवशी गॅरेजबाहेर काढू नका.